सगळ्यांची सहल



दरवर्षी थंडीत शाळेची सहल निघते आणि दरवर्षी माझ्याकडे दोन याद्या होतात. एक येणाऱ्यांची, दुसरी न येणाऱ्यांची. दुसरी यादी मला कुणी मागत नाही. तरी मी ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

त्या यादीत तीन प्रकारची मुलं असतात. ज्यांच्या घरी वर्गणीचे पैसे जमत नाहीत ती. ज्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले आणि जी त्यांच्याबरोबर गेली किंवा आजीजवळ मागे राहिली ती. आणि तिसऱ्या, मुली. त्यांच्या नावापुढे कारण लिहावं लागत नाही.

मागच्या सहलीला आम्ही वेरूळ आणि दौलताबादला जाणार होतो, एक रात्र मुक्काम होता. सहावीतली एक मुलगी आहे, नकाशा उलटा धरला तरी तिला नद्या ओळखता येतात. मी स्वतः तिच्या घरी गेले. तिच्या दादीनं चहा पाजला, प्रेमानं बसवलं आणि सांगितलं, "बेटी की जात है मॅडम, रात का मुकाम नक्को." दादीवर मी रागावले नाही. काळजी खोटी नसते. पण घरी येताना मनाला लागून राहिलं. दौलताबादचा किल्ला पुस्तकात वाचून त्याचं चित्र काढणारी मुलगी घरी राहणार, आणि बसमध्ये झोपून जाणारी मुलं जाणार.

तेव्हा ठरवलं, एक सहल अशी काढायची की जिला बस नको, वर्गणी नको, मुक्काम नको. वर्गातल्या टीव्हीवरची सहल. कुठे जायचं ते मुलांना विचारलं. मला वाटलं, ताजमहाल म्हणतील. ओरडली, "लंडन!" बरं, लंडन तर लंडन.

दोन आठवडे तयारी केली. वर्गाचे पाच गट, प्रत्येक गटाला एक ठिकाण. नकाशा आणि रस्त्यावरची चित्रं मोबाईलच्या नेटवर दिसतात, पण आमच्या लिंबागणेशला वीज आणि नेट यांचा भरवसा नाही. म्हणून महत्त्वाची चित्रं आधीच उतरवून ठेवली. शनिवारची सकाळची शाळा निवडली आणि आयांना, दाद्यांना, आज्यांनाही बोलावलं.

सुरुवात ग्रिनिचपासून केली. लंडनच्या या वेधशाळेतून जाणारी रेषा 1884 साली जगानं शून्य रेखांश म्हणून मानली. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंशांवर ठरते. मुलांनी गुणाकार केला, 330 मिनिटं. म्हणजे साडेपाच तास. आमच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे लंडनमध्ये पहाटेचे पाच. लगेच एक मुलगा उठला. "मॅडम, मग तिथं अंधार पाहिजे. टीव्हीवर ऊन कसं काय पडलंय?"

त्या दिवसाचा हा पहिला चांगला प्रश्न. पडद्यावर दिसतं ते आत्ताचं नसतं. कुणीतरी कधीतरी काढलेली ती चित्रं असतात. मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक चित्राला हा प्रश्न विचारायला मूल शिकलं, तर माझा निम्मा पगार तिथेच फिटला.

मग तोच हिशेब आपल्या गावाला लावला. बीड भागाचा रेखांश पावणेशहात्तर अंशांच्या जवळ. साडेब्याऐंशीपासून पावणेसात अंश कमी, म्हणजे सत्तावीस मिनिटं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपला सूर्य माथ्यावर यायला अजून वेळ असतो. एक मुलगी म्हणाली, "म्हणून जोहरचा वक्त साडेबाराच्या आसपास सुरू होतो काय?" अगदी बरोबर. मशिदीतल्या वेळापत्रकाचा आणि ग्रिनिचच्या रेषेचा संबंध त्या दिवशी वर्गाला कळला.

दुसरा मुक्काम वेस्टमिन्स्टर. सगळ्यांना ठाऊक असलेलं मोठं घड्याळ. बिग बेन हे खरं तर आतल्या घंटेचं नाव, तिचं वजन साडेतेरा टनांहून जास्त. मनोऱ्याला 2012 पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, उंची 96 मीटर. शेजारी मी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचं चित्र लावलं. तो 85 मीटरचा, 1878 साली पुरा झाला. आराखडा गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराचा, पैसे प्रेमचंद रायचंद या मुंबईच्या व्यापाऱ्याचे, आणि नाव त्याच्या आईचं. मागच्या बाकावर बसलेल्या आयांमध्ये हसू पिकलं. एक म्हणाली, "आमची पोरं पाटीवर तरी नाव लिहितील का?"

तिसरा मुक्काम टॉवर ऑफ लंडन. जुना किल्ला, आता तिथं राजघराण्याचे मुकुट ठेवलेत. त्यातल्या एका मुकुटात कोहिनूर आहे. मुलांना हिरा केवढा मोठा ते जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना दुलीपसिंगाची हकिगत सांगितली. पंजाबचा हा राजा 1849 साली दहा वर्षांचा होता. इंग्रजांनी त्याच्याकडून तहावर सही घेतली, राज्य गेलं आणि हिराही गेला. पुढे त्याला इंग्लंडला नेलं. एक मुलगा, ज्याचे आईवडील टोळीवर आहेत आणि जो आजीजवळ राहतो, त्यानं विचारलं, "त्याची आई कुठं होती?"

आई जिंद कौर. तिला मुलापासून आधीच तोडलं होतं, कैदेत ठेवलं होतं. मायलेकरांची भेट झाली ती 1861 साली, कलकत्त्यात. तेरा वर्षांहून जास्त काळ गेला होता. वर्ग गप्प झाला. हिऱ्याचं वजन मग कुणी विचारलं नाही.

मला इथे इंग्रजांची निंदा करायची नव्हती आणि त्यांची आरतीही ओवाळायची नव्हती. एखाद्या देशाची संस्कृती बघायची तर त्याच्या इमारती बघाव्यात, आणि त्या इमारतींत ठेवलेल्या वस्तू तिथं कशा आल्या तेही विचारावं. देवाणघेवाण दोन्हीकडून होते हे सांगायला मी शाम्पूचं उदाहरण दिलं. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी 1810 साली लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं. ते चाललं नाही. मग ब्रायटनला त्यांनी मालिशीचं हमामखाना उघडलं. आपल्या 'चांपो'पासून इंग्रजीत शाम्पू झाला, तो त्यांच्यामुळे तिकडे रुजला, आणि आज एक रुपयाच्या पुडीतून परत आपल्या न्हाणीघरात आला आहे.

चौथा मुक्काम किंग हेन्री रोडवरचं 10 नंबरचं घर. एरवी साधंच, पण 1921-22 मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहिले. 2015 साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. हा गट सगळ्यात नेटका बोलला. शेवटी एकानं सांगितलं, "बाबासाहेब तिथं फिरायला नाही, अभ्यासाला गेले होते."

पाचवा मुक्काम वोकिंग, लंडनपासून चाळीसेक किलोमीटरवर. झाडांमध्ये हिरव्या घुमटाची छोटी मशीद. नाव शाहजहान मशीद. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत, साल 1889. पुढाकार डॉ. लाइटनर या विद्वानाचा, आणि मोठी मदत भोपाळच्या बेगम शाहजहान यांची. नाव ऐकून मुलं म्हणाली, ताजमहालवाला शाहजहान! मी म्हटलं, नाही, ही बाई होती. भोपाळचं राज्य चालवणारी.

मागून दादीचा आवाज आला. तीच दादी. "औरत ने बनाई?"

मग मी दादीलाच पुढची गोष्ट सांगितली. या बेगमची मुलगी सुलतान जहान 1911 साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला लंडनला गेली. पडदा पाळतच गेली, कुटुंबाला घेऊन गेली. सून मैमूना सुलतान बरोबर होती, तिनं प्रवासाचं वर्णन लिहिलं. याच सुलतान जहान 1920 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. दादी काही बोलली नाही. पदर सारखा करून टीव्हीकडे बघत राहिली.

घरी आल्यावर मला अतिया फैजी आठवल्या. मुंबईच्या तय्यबजींच्या नात्यातल्या. त्यांची बहीण नाझली जंजिऱ्याची बेगम, म्हणजे आपल्या मुरुडच्या किल्ल्याच्या संस्थानातली. अतिया 1906 साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. अभ्यासक्रम पुरा झाला नाही, पुढच्या वर्षी परतल्या. पण तिथून त्या बहिणींना उर्दूत लिहीत राहिल्या, आणि ते लेखन लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापून येत होतं. पुढे 1921 मध्ये त्याचं पुस्तक झालं. उंबरठा न ओलांडलेल्या कितीतरी बायकांनी ते अंक घरात बसून वाचले असतील. घरबसल्या लंडनची सहल ही कल्पना माझी नाही की टीव्हीची नाही. शंभर वर्षांपूर्वी ती छापील पानातून निघाली होती, तुमच्या हातात आहे तशाच एका अंकातून.

पण त्या पानांकडे बघताना एक विचार टोचतो. त्या काळच्या वाचणाऱ्या बाईला दुसरा मार्गच नव्हता. आपल्या मुलींना आहे. पडद्यावरची सहल चांगलीच, पण "टीव्हीवर बघितलं ना, आता कशाला जायचं" असं जर घरात म्हणू लागलो, तर मीच दिलेली वस्तू मुलीच्या वाटेत आडवी येईल. पडद्यावर ऊन दिसतं, पण लागत नाही. पायऱ्या मोजता येतात, पण दम लागत नाही. पाचच्या पाच ठिकाणं पाहून झाल्यावर माझ्या नद्यावालीनं विचारलंच होतं, "मॅडम, तिथं वास कसला येत असेल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी असा प्रयोग करायचा असेल, तर चार गोष्टी सांगते. एका दिवशी एकच ठिकाण घ्या, पाच घेण्याची माझी घाई तुम्ही करू नका. मोबाईल मुलाच्या हातात एकट्याला देऊ नका, शेजारी बसा. बघण्याआधी मुलाकडून तीन प्रश्न लिहून घ्या, आणि बघून झाल्यावर नवे तीन. नवे प्रश्न निघाले नाहीत तर ती सहल नव्हे, नुसता सिनेमा. आणि प्रत्येक दूरच्या ठिकाणाला जवळच्या एखाद्या ठिकाणाशी जोडा. तिथला किल्ला तर इथला किल्ला, तिथली नदी तर आपली बिंदुसरा.

आम्हीही तेच केलं. लंडन झाल्यावर बीडची खजाना विहीर ठरवली. निजामशाहीच्या काळातली, भुयारी पाटांनी शेतं भिजवणारी. आपल्याच तालुक्यातली, पण वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेली नाही. सकाळी जायचं, दुपारच्या जोहरनंतर परतायचं, मुक्काम नाही. गाडीभाडं कमी, तेही ज्यांना जमेना त्यांचं इतर पालकांनी मिळून दिलं.

मी परत त्या घरी गेले. दादीनं परत चहा पाजला. बराच वेळ दुसरंच बोलत राहिली, पाऊस, तुरीचा भाव, गुडघे. मी उठले तेव्हा म्हणाली, "शाम के पहले घर में होना." मग दाराशी येऊन हळूच विचारलं, "मॅडम, हम भी आये तो चलता क्या? हमने भी देखी नहीं वो बावडी."

दादी आली. विहिरीच्या काठाशी जाऊन नातीचा हात घट्ट धरून आत वाकून बघत होती. कोण कुणाला सांभाळत होतं ते मला सांगता येणार नाही.

ऊसतोडीला गेलेली सात मुलं मात्र याही सहलीला नव्हती. त्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर अजून आहेत. ती परत आली की आणखी एकदा जायचं आहे, इन्शाअल्लाह. तुमच्या घरातल्या मुलीचं नाव या वर्षी कोणत्या यादीत आहे, ते एकदा तिच्या शिक्षकांना विचारा.