श्रीपाळराजाची चित्रकथा काढा, पण आयंबिलासकट



'डिलिशस इन डन्जन' हे नाव तुमच्याही मुलांच्या तोंडी असेल. र्योको कुई या जपानी लेखिकेची ही चित्रकथा २०१४ ते २०२३ या काळात आली, १४ भागांत संपली. बहिणीला सोडवायला निघालेली टोळी भुयारात उतरते. जवळ शिधा नसतो, म्हणून वाटेत मारलेले राक्षसी प्राणी शिजवून खाते. त्यातले जेवण आपल्या घरात चालणारे नाही, हे सांगायला नकोच. पण मुलांना त्यात गोडी का वाटते? कारण तिथे स्वयंपाक हाच साहसाचा भाग आहे.

तशी गोष्ट आपल्याकडेही आहे, आणि ती आपल्या ठाण्यापर्यंत येते. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाळ मगरीच्या पाठीवरून कोकणकिनारी, ठाण्याला लागला. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामी देरासराचे त्याच्याशी नाते आहे ते यामुळेच. विनयविजयजींनी सुरू केलेला आणि त्यांच्यानंतर यशोविजयजींनी पूर्ण केलेला श्रीपाळ रास तर सचित्र पोथ्यांतूनही उतरवला गेला. म्हणजे ही कथा चित्रांतून सांगणे काही नवे नाही.

माझे म्हणणे एवढेच, की मुलांना सांगताना आपण जहाजे, राजकन्या आणि लढाया रंगवतो, पण मयणासुंदरीची नऊ दिवसांची आयंबिल ओळी एका वाक्यात उरकतो. मग चैत्रात आणि आश्विनात ओळी आली, की मुलांना ते ताट शिक्षेसारखे वाटते. दूध, दही, तूप, तेल, गूळ नाही, तळलेले नाही, हिरवी भाजी नाही, जेवण एकदाच. नुसती 'नाही'ची यादीच कानावर पडते.

खरे तर चित्रकाराला याहून चांगला मजकूर मिळणार नाही. नवपदांचे रंग ठरलेले आहेत. अरिहंतांचा पांढरा म्हणून तांदूळ, सिद्धांचा लाल म्हणून गहू, आचार्यांचा पिवळा म्हणून चणा, उपाध्यायांचा हिरवा म्हणून मूग, साधूंचा काळा म्हणून उडीद. पुढची चार पदे पुन्हा पांढरी. एका धान्यात, फक्त मीठ-मिरी-हिंगावर काय काय करता येते, हे आयंबिलखात्यातल्या बायकांना विचारा. चित्रकाराने तिथे वही घेऊन बसावे.

एक काळजी मात्र घ्यावी. श्रीपाळाचा कोढ आणि त्याच्याबरोबरचे सातशे कोढी किळसवाणे किंवा हास्यास्पद काढू नयेत. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती औषधे मोफत मिळतात, हे पुस्तकाच्या शेवटी लिहावे. मयणाने त्या माणसाचा हात धरला, त्याच्यापासून तोंड फिरवले नाही. चमत्काराआधी मुलांनी हे पाहिले पाहिजे.

श्रद्धा पाठ करून घेता येते. गोडी मात्र लावावी लागते, आणि ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरातूनच लागते.