दारावरचा मखमली दोर

दरवर्षीप्रमाणे यंदाही न्यूयॉर्कचा एक पत्ता घेऊन आलोय: २५४, वेस्ट ५४ वी स्ट्रीट.

नाशिकहून आलेल्या वहिनींना तिथे नाटकाला नेलं होतं. तिकिटं दाखवली, आत गेलो. "इथे शिरायला म्हणे लोक रडायचे," मी म्हणालो. वहिनींना खरं वाटेना. मग मध्यंतरात कॉफी पिता पिता सगळी गोष्ट सांगितली.

२६ एप्रिल १९७७ ला स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर या ब्रुकलिनच्या दोन मित्रांनी इथे 'स्टुडिओ ५४' हा नाइटक्लब उघडला. श्रेगर पडद्यामागे राहणारा. रुबेल, पोस्टात नोकरी करणाऱ्या बापाचा मुलगा, रोज रात्री स्वतः दारात उभा राही. मखमली दोरापलीकडे ही गर्दी! तो बोट दाखवील तो आत, बाकीचे रस्त्यावर. आत अँडी वॉरहॉल, लायझा मिनेली. बियांका जॅगर तर वाढदिवसाला पांढऱ्या घोड्यावर बसली, तो फोटो जगभर गेला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला 'शिक' बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना दारातूनच परत पाठवलं. त्यांनी घरी जाऊन त्या रागावर गाणं रचलं. 'ल फ्रीक' नावाचं ते गाणं पुढे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं!

पैसा रोकडीत येत होता. रुबेलला बढाई आवरेना. आपल्यापेक्षा जास्त कमाई फक्त माफियाची, असं तो पत्रकारांना सांगून बसला. करखात्यालाही वाचता येतं! डिसेंबर १९७८ मध्ये धाड पडली. २५ लाख डॉलर हिशेबाबाहेर ठेवल्याचा आरोप झाला. दोघांनी करचुकवेगिरी कबूल केली आणि जानेवारी १९८० मध्ये प्रत्येकी साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारीत निरोपाची जंगी पार्टी करून दोघे तुरुंगात गेले. तिथल्या दाराशी ओळखपाळख चालत नाही.

वर्षभरानंतर सुटका झाली. पुढे हॉटेलं काढली, तीही चालली; पण रुबेल १९८९ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी गेला. श्रेगरला २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी माफी दिली.

वहिनी जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, दारात उभं राहून माणसं निवडायची म्हणजे फार मोठेपणा वाटत असेल, नाही?"

मला व्हिसाची रांग आठवली. इथे आल्यावर पहिल्या नोकरीसाठी झिजवलेले उंबरठेही आठवले. आपण सगळेच कधीतरी कुणाच्या तरी दोराबाहेर ताटकळलोय. आता आपल्या मंडळात नवीन कुटुंब येतं, तेव्हा दारात आपण उभे असतो. "कुठले तुम्ही? कुणाच्या ओळखीचे?" हे आपणही विचारतोच की!

यंदा फराळाला एखादं नवं घर बोलवा. आधी चकली पुढे करा, चौकशी मागाहून.