राजवाड्याचे खरे वैभव

पुण्याचा आगाखान राजवाडा पाहणारे त्याच्या कमानी व विस्तीर्ण बाग वाखाणतात. परंतु त्या वास्तूचे मोठेपण निराळेच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने महात्मा गांधींना येथे स्थानबद्ध केले. राजवाडा झाला, तरी दारावर पहारा बसला की तो तुरुंगच! १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांनी या बंदिवासातच देह ठेवला. पुढे १९४७ साली त्याच १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. तो दिवस दोघांनाही दिसला नाही. १९६९ साली आगाखानांनी राष्ट्रास अर्पण केलेला हा राजवाडा आज गांधीजींचे स्मारक व संग्रहालय आहे. मात्र नुसती दालने पाहून परतणाऱ्याने निम्मेच पाहिले. आवारातील दोन समाध्यांपुढे आधी नतमस्तक व्हावे. दालने मागाहून पाहावीत.