कुलूपबंद सभागृहे आणि पदवीधर

पदवी हाती पडली की शिक्षण संपले, हा समज आपल्याकडे दृढ आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहास वेगळी साक्ष देतो. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही तेथील विद्यार्थी. नाटकाचा नाद तिघांनीही तेथे जोपासला. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन पटेलांनी केले, नाना फडणवीस आगाशे यांनी रंगविला. लागूंनी वैद्यकी सोडून अभिनय पत्करला. आगाशे यांनी मानसोपचार आणि नाटक दोन्ही सांभाळले. मार्ग निराळे, मूळ एकच.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात अशा उपक्रमांनाही श्रेयांक मिळू लागले, हे स्वागतार्हच. परंतु श्रेयांकापुरती हजेरी म्हणजे तालीम नव्हे. शिकता शिकता पोटासाठी राबणाऱ्या विद्यार्थ्याला ही चैन परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याला शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे आणि सभागृह सायंकाळनंतरही उघडे असले पाहिजे. एवढेही न करणाऱ्या महाविद्यालयांतून प्रमाणपत्रे बाहेर पडतील; आपली वाट स्वतः निवडणारे पदवीधर मात्र क्वचितच.