पासवर्ड कुणाच्या हाती?

“तुमच्या मुलींना ॲप बनवायला शिकायचंय ना? संगणक आम्ही तयार करून देतो. मुलींनी फक्त येऊन बसायचं.” हे वाक्य मी देणगीदारांच्या तोंडून ऐकलं आहे, प्रशिक्षण देणाऱ्या सरांच्या तोंडून ऐकलं आहे आणि आपल्याच संघटनांच्या बैठकांतही ऐकलं आहे. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण स्वयंपाक तयार आहे, तू फक्त पानावर येऊन बस, असं बाईला जन्मात कुणी म्हणत नाही. मग यंत्राजवळ आल्यावरच हे औदार्य कुठून येतं, हे विचारायला हवं.

माझं म्हणणं असं, की ज्या संगणकावर मुलगी ॲप बनवणार आहे तो तिनेच पहिल्या बटणापासून उभा करायला हवा. त्याचा ॲडमिन पासवर्ड तिच्याकडे हवा. आणि बनलेलं ॲप ज्या खात्यावरून बाहेर जाणार, ते खातं तिच्या किंवा तिच्या गटाच्या नावावर हवं. या तीन गोष्टी दुसऱ्याच्या हाती ठेवून दिलेलं प्रशिक्षण म्हणजे सातबारा सासऱ्याच्या नावावर ठेवून सुनेला खुरपणी शिकवणं.

नवा मुकादम

कुणी म्हणेल, ॲप बनवणं हा शहरातल्या, इंग्रजी शिकलेल्या मुलींचा प्रश्न. कष्टकरी बाईचा त्याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं आणि अंगणवाडी सेविकेची नोंदवही त्यात गेली. मुलांची वजनं, उंची, आहार, सगळं तिथे भरायचं. ॲप इंग्रजीत, आणि सरकारने दिलेला फोन इतका कमकुवत की त्यावर काम धड होईना. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. ॲप मराठीत हवं, फोन चालणारा हवा, एवढ्या साध्या गोष्टीसाठी बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने एनएमएमएस या ॲपवरची हजेरी सक्तीची केली. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून चढवायचे. रेंज नसली की फोटो चढेना, आणि दिवसभर खडी फोडूनही हजेरी लागण्याची मारामार. या कामावर निम्म्याहून अधिक मजूरदिवस बायकांचे होते, हे विसरू नका.

मुकादमाशी निदान भांडता येत होतं. चार जणी मिळून त्याच्या दारात बसता येत होतं. ॲपच्या दारात कुठे बसायचं? कोणते रकाने ठेवायचे, कोणती भाषा वापरायची, रेंज नसेल तर काय करायचं, हे कुठल्याशा खोलीत कुणीतरी संगणकासमोर बसून ठरवलेलं असतं. त्या खोलीत आपल्या मुली जायला हव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १०० पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, आणि १०० बायकांपैकी फक्त ३३ जणींनी. वापरण्यातच एवढं अंतर. बनवण्यातलं किती असेल, याचा विचार करा.

पहिल्या दिवसाचं राजकारण

ॲप बनवण्यासाठी संगणक उभा करायचा म्हणजे काय करायचं, ते आधी साध्या शब्दांत सांगते. अँड्रॉइड फोनसाठी ॲप बनवायचं तर अँड्रॉइड स्टुडिओ नावाचं साधन लागतं. ते फुकट मिळतं. पण फुकट मिळतं ते चालवायला काय लागतं, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

पहिली गोष्ट यंत्राच्या ताकदीची. या साधनाला किमान ८ जीबी रॅम लागते. संगणकाच्या पडद्यावर खोटा फोन उभा करून ॲप तपासायचं, म्हणजे एम्युलेटर चालवायचा, तर १६ जीबी. महिला संस्थांना देणगीत काय मिळतं? कचेऱ्यांतून काढून टाकलेले ४ जीबीचे संगणक. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तळाशी उरलेलं खायची बाईला सवय आहे, म्हणून यंत्रंही उरलेलीच. मग मुलगी दोन तास पडद्याकडे बघत बसते आणि शेवटी म्हणते, “मला जमत नाही हो ताई.” न जमणारं यंत्र असतं, ती नसते. पण हे तिला कळणार कसं, जर यंत्रात किती रॅम आहे हे तिने स्वतः उघडून पाहिलंच नसेल?

दुसरी गोष्ट वेळेची. ही साधनं काही जीबींची असतात. पहिलं ॲप बांधायला घेतलं की संगणक आणखी कितीतरी सामान इंटरनेटवरून ओढतो. होस्टेलवरचा मुलगा म्हणतो, “रात्रभर लावून ठेवतो.” आपल्या मुलीला दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं, भाकऱ्या थापायच्या असतात. घरच्या नेटचा डेटा भावाच्या क्रिकेटला लागतो. रात्र ही पुरुषाची साधनसंपत्ती आहे, हे मला संगणकाच्या वर्गात जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसलं.

तिसरी गोष्ट नावाची. नवा संगणक सुरू करताना तो नाव विचारतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हौसेने आपलं नाव देवनागरीत टाकलं. तिच्या नावाचं घर संगणकात तयार झालं, आणि अँड्रॉइड स्टुडिओ तिथेच अडून बसला. रस्त्यात रोमनखेरीज दुसरी अक्षरं असली की ही साधनं विंडोजवर कुरकुरतात, काम बंद पडू शकतं. उपाय सोपा आहे: खात्याचं नाव रोमन अक्षरांत ठेवायचं, किंवा साधनांचं सामान सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवायचं. पण मला उपायाहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्या मुलीने विचारलेलं: “माझं नाव लिहिलं तर चूक कशी?” तयार संगणकावर बसलेल्या मुलीला हा प्रश्न कधीच पडला नसता.

आणि चौथी गोष्ट पासवर्डची. विंडोजवर काहीही महत्त्वाचं बसवायचं झालं, की संगणक ॲडमिनची परवानगी मागतो. अँड्रॉइड स्टुडिओ बसवताना मागतो, एम्युलेटरला वेग देणारा भाग बसवताना मागतो. त्यासाठी संगणकाच्या अगदी मुळाशी, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन नावाची एक खूणही चालू करावी लागते. आमच्या केंद्रात एका प्रशिक्षण संस्थेने “तयार” संगणक पाठवले होते. सगळे कुलूपबंद. काही अद्ययावत करायचं झालं की फोन करायचा, मग चार दिवसांनी एक दादा यायचे, मुलींकडे पाठ करून पासवर्ड टाकायचे आणि पंधरा मिनिटांत निघून जायचे. त्या पाठमोऱ्या पंधरा मिनिटांत सगळं शिक्षण होतं. तेच मुलींपासून लपवलेलं होतं.

शेवटी आम्ही संस्थेशी भांडून पासवर्ड मिळवला आणि मुलींनीच संगणक पुसून पुन्हा उभे केले. तीन दिवस लागले. पडद्यावर लाल अक्षरं आली की मुली हात मागे घेत, कारण “हात लावू नको, बिघडेल” हे वाक्य पाळण्यापासून ऐकलेलं. तिसऱ्या दिवशी त्याच मुली लाल अक्षरं वहीत उतरवून घेत होत्या आणि पहिल्या शब्दावरून दोष कुठे ते ओळखत होत्या. मोडता येतं आणि पुन्हा जोडता येतं, हे ज्याला ठाऊक असतं त्यालाच यंत्राची भीती वाटत नाही. मुलग्यांना हे रेडिओ उघडता उघडता, मोटरसायकल खोलता खोलता कळतं. मुलींसाठी तशी संधी आपणच मुद्दाम निर्माण करावी लागेल.

१६ जीबीची यंत्रं नसतील तर अडून बसू नका. खोट्या फोनऐवजी खरा फोन वायरने जोडता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं. पण इथेही प्रश्न येतोच: फोन कुणाचा? ज्या घरात मुलीचा फोन रोज संध्याकाळी तपासला जातो, तिथे डेव्हलपर हा शब्द पाहूनही भाऊ संशय घेतो. म्हणून वर्गासाठी एक-दोन जुने चालू फोन गटाच्या मालकीचे ठेवावेत.

आक्षेप आणि उत्तरं

“इतका वेळ वाया घालवण्यापेक्षा सरळ शिकवायला घ्या.” हा आक्षेप नेहमीचा. पण हे काम म्हणजेच शिक्षण आहे. १९४६ साली अमेरिकेत एनियाक हा संगणक जगापुढे आला. त्याच्यासाठी प्रोग्राम करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या, आणि त्या काळी प्रोग्राम करणं म्हणजे वायरी जोडणं आणि बटणं लावणंच होतं. सुरुवातीला तर त्यांना यंत्र पाहायचीही परवानगी नव्हती. आराखड्यांवरून त्या ते शिकल्या. यंत्र लोकांना दाखवलं गेलं, त्यानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावणं नव्हतं. तेव्हा “मुलींना यंत्राचं जड काम झेपत नाही” असं कुणी म्हणालं तर त्याला हा इतिहास ऐकवा.

“आता कृत्रिम बुद्धिमत्ताच सगळं लिहून देते, संगणक उभा करण्याची कटकट हवी कशाला?” हा नवा आक्षेप. लिहून देते, खरं आहे. पण लिहिलेलं ॲप कुणाच्या संगणकावर बांधलं जाणार, कुणाच्या खात्यातून बाहेर पडणार, उद्या दुरुस्त करायचा अधिकार कुणाला, हे ती ठरवत नाही. पीठ गिरणीतून आलं म्हणून चूल कुणाची हा प्रश्न सुटत नाही.

“आधी मारहाणीच्या केसेस, मग संगणक.” आपल्याच मैत्रिणींचा हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो. आज केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींच्या तक्रारीत नवऱ्याला तिचा पासवर्ड ठाऊक असतो, तो तिचे निरोप वाचतो, ती कुठे गेली ते फोनवर पाहतो. परवानगी कुणी द्यायची आणि काढून कशी घ्यायची, हे ज्या मुलीने संगणकावर स्वतः केलंय, ती त्या बाईच्या शेजारी बसून तिचा फोन मोकळा करून देऊ शकते. हे हिंसेविरुद्धचंच काम आहे.

नावावर करा

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली: बायकोच्या नावावर जमीन करा. शेतात राबणारी ती, कागदावर तो, या जुन्या अन्यायावर तिने बोट ठेवलं. ॲपच्या दुनियेतला कागद म्हणजे खातं. गूगलच्या दुकानात ॲप ठेवायला एकदाच २५ डॉलर भरून खातं उघडावं लागतं, आणि त्यासाठी परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागतं. मुलीकडे कार्ड नसतं. मग सर म्हणतात, “माझ्या कार्डावरून भरतो, माझ्याच खात्यावर टाकू.” इथेच सातबारा सरकतो. ॲपवर स्वाक्षरी करायची किल्लीची फाइल असते, तीही मग सरांच्या संगणकात राहते. गटाने स्वतःचं कार्ड काढावं, खातं गटाच्या ईमेलवर उघडावं आणि त्या किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन गटाच्या कपाटात ठेवावी.

नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ते किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस वापरून दाखवण्याची अट आहे. एकट्या मुलीला ती डोंगरासारखी वाटते. पण बारा बायका म्हणजे एक बचतगट! इथे आपली संघटना कुठल्याही कंपनीपेक्षा पुढे आहे. ॲपलच्या फोनसाठी मात्र मॅक संगणकच लागतो, वर दरवर्षी ९९ डॉलर; आपल्या बायकांच्या हाती अँड्रॉइड आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी संगणक देऊ केला तर आभार मानण्याआधी एवढं ठरवून घ्या:

१. संगणक रिकामा द्यावा. तो उभा मुली करतील, आणि त्यासाठी वर्गाचे पहिले तीन दिवस राखून ठेवले जातील.

२. ८ जीबीपेक्षा कमी रॅमचं यंत्र ॲप शिकवण्यासाठी स्वीकारायचं नाही.

३. ॲडमिन पासवर्ड मुलींच्या गटाकडे राहील. सर, दादा, सचिव, कुणालाही तो गटाला विचारूनच मिळेल.

४. खातं, कार्ड आणि स्वाक्षरीची किल्ली गटाच्या नावावर.

५. डाउनलोडची मोठी कामं केंद्रावर रात्री चालू ठेवता येतील अशी सोय, म्हणजे मुलीच्या दिवसाचे तास त्यात जाणार नाहीत.

देणारा या अटी ऐकून नाराज झाला, तर तो संगणक देत होता की आपल्या उपकाराचं ओझं, ते तिथेच कळेल. आणि केंद्रात आधीच संगणक असतील, तर येत्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? उत्तरात एकाही मुलीचं नाव आलं नाही, तर विषयपत्रिकेवरचं बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी तेवढं काम उरका.