तुळशीशेजारी सब्जा हवाच!

परवा मुलगी मॉलमधून सामान घेऊन आली. त्यात प्लास्टिकच्या डबीत हिरव्या पानांची एक इवलीशी जुडी होती. डबीवर नाव 'बेसिल'. किंमत बघून माझ्या तोंडून निघालंच, "अगं, एवढ्यात मेथीच्या चार जुड्या आल्या असत्या!" त्यावर ती म्हणाली, "आई, पास्त्याला हेच लागतं." मी डबी उघडली, एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि थेट आजीच्या अंगणात जाऊन पोचले. अहो, हा तर आपला सब्जा!

मैत्रिणींनो, तुम्हीही तो ओळखत असालच. उन्हाळ्यात सरबतात, फालुद्यात आपण जे काळं बारीक बी भिजवून घालतो, ते याच झाडाचं. माझी आजी अबोलीच्या वेणीत मरव्याबरोबर सब्जाची कोवळी डहाळी गुंफायची. मुसलमान शेजारणींकडे कबरीवर फुलांबरोबर सब्जा ठेवायची पद्धत जुनी आहे. म्हणजे हे झाड आपल्याकडे देवाधर्मात, केसांत, सरबतात, सगळीकडे होतं. फक्त आपण त्याचं कौतुक केलं नाही.

शास्त्रीय नाव दोघांचं एकच, ऑसिमम बॅसिलिकम. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ते दिलं. यातला 'बॅसिलिकम' हा शब्द राजा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. तुळस ही याच कुळातली बहीण. फरक आहे तो वाणाचा. इटालियन वाणाचं पान रुंद, फुगीर आणि गोडसर वासाचं. आपल्या सब्जाचं पान जरा निमुळतं, वास थोडा उग्र, बडीशेपेकडे झुकणारा.

मुलीच्या जुडीतल्या दोन काड्या मी पाण्याच्या पेल्यात ठेवल्या. खालची पानं काढून टाकली आणि पाणी रोज बदललं. दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं फुटली. आम्ही खारघरला चौथ्या मजल्यावर राहतो. समोर डोंगर छान दिसतो, पण आमचं अंगण म्हणजे ग्रिलमध्ये मावतील तेवढ्या कुंड्या! त्यात सासूबाईंच्या तुळशीशेजारी ही कुंडी ठेवली. सकाळचं पाच-सहा तास ऊन तिथे मिळतं, तेवढं पुरतं.

रोप जोमाने वाढलं. आणि इथेच माझी चूक झाली. एवढं छान रोप, त्याला हात कसा लावायचा? मी पानच तोडेना. मुलगी मागायची, मी म्हणायची, "थांब, अजून मोठं होऊ दे." महिन्याभरात शेंड्याला तुरे आले, पानं बारीक आणि कडवट झाली, खोड काडीसारखं टणक झालं. शेवटी झाड नुसतं उंच आणि उघडंबोडकं राहिलं. जपून जपून मी ते वाया घालवलं.

दुसऱ्या खेपेला मी कात्री घेऊन बसले तेव्हा सासूबाई दचकल्याच. "तुळशीच्या बहिणीला कात्री लावतेस?" त्या पेणच्या, रीतीभातीच्या पक्क्या. रविवारी, एकादशीला तुळशीचं पान तोडू देत नाहीत. पण मी बघत होते, रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या वाळलेल्या मंजिऱ्या मात्र आठवणीने खुडतात. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "मंजिरी म्हणजे तुळशीच्या डोक्यावरचं ओझं. ते उतरवलं की ती पुन्हा फुटते." घ्या! बागकामाच्या पुस्तकात जे लिहिलेलं असतं, तेच त्या साठ वर्षं करत आल्या होत्या. फुलावर आणि बीवर गेलं की झाड पानं धरत नाही, इतकं साधं गणित आहे. मी त्यांना सांगितलं, ग्रीसमध्येही लोक बेसिलची कुंडी दारात ठेवतात आणि तिथले पाद्री त्याच्याच जुडीने पवित्र पाणी शिंपडतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग खुड, पण हाताने. कात्री नको." तेव्हापासून नखाने खुडते.

आता खुडायचं कसं, तेही सांगते. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. पानांच्या जोडीच्या अगदी वर. त्या जागी दोन नवे फुटवे येतात, पुढे दोनाचे चार. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा घ्यावा, त्याहून जास्त नको. सकाळी खुडलेल्या पानांना वास भरपूर असतो. ती फ्रिजमध्ये ठेवू नका, काळी पडतात. काड्या पेल्यातल्या पाण्यात ठेवा, फुलांसारख्या. आणि शिजवताना पानं अगदी शेवटी घाला, नाहीतर वास उडून जातो.

बेसिल मिळालं नाही तरी अडत नाही. वाण्याकडचं सब्जाचं बी चिमूटभर घ्या. माती, शेणखत आणि थोडी वाळू कालवलेल्या कुंडीत वरच्यावर भुरभुरा, खोल पुरू नका. आठवड्याभरात कोंब दिसतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे लावलेलं उत्तम. इकडच्या धो धो पावसात मुळं कुजतात, तेव्हा कुंडी आडोशाला घ्या आणि तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा. झाड काही महिन्यांचंच सोबती असतं. म्हणून एखादी फांदी फुलू द्यावी. मधमाश्या येतात आणि पुढच्या खेपेचं बीही मिळतं.

आणि त्या इटालियन पेस्टोचं म्हणाल, तर त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी कुटणे. बेसिल, लसूण, चिलगोज्यासारखा सुका मेवा, चीज आणि ऑलिव्हचं तेल कुटून ते करतात. मी खलबत्त्यात सब्जाची पानं, लसूण, हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ कुटते, वर चमचाभर तेल. सासूबाई भाकरीशी खातात, मुलगी पास्त्याला लावते. दोघीही खूश.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते तुमच्यासाठी, गावात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी. तुमच्याकडे ऊन आहे, अंगण आहे. पण मी माहेरी जाते तेव्हा दिसतं, अंगणात फरशा आणि पेव्हर ब्लॉक आलेत. तुळस तेवढी वृंदावनात उरली. मरवा, दवणा, सब्जा 'गावठी' म्हणून गेले. आणि तेच शहरात डबीत भरून, इंग्रजी नाव लावून आपल्याच मुलींना विकलं जातंय. आजीला जे झाड फुकटात ठाऊक होतं, ते नातीला पैसे मोजून शिकावं लागतंय, याची मला खंत वाटते.

आपण बायका चांगली साडी, चांगली कपबशी 'नंतर कधीतरी' म्हणून ठेवून देतो. सब्जाच्या बाबतीत तसं करू नका. लावा आणि लगेच वापरायला लागा. माझी पहिली कुंडी मी 'नंतर'साठीच ठेवली होती. तिच्या काड्याच हाती आल्या.