दोन जुन्या रॅम आणि एक नवी

बाहेरगावच्या एका विक्रेत्याने ढाणकीतील एका सेवाकेंद्रचालकाला दिलेले दरपत्रक या आठवड्यात माझ्या पाहण्यात आले, आणि त्याखालील शेरा वाचून मनाला असा काही उद्वेग वाटला की, योजलेला विषय बाजूस ठेवून रॅमच्या प्रश्नाकडे पुन्हा वळणे मला भाग पडले. ‘यंत्र डीडीआर-फोरचे असल्यामुळे त्यात भर घालण्यात अर्थ नाही, डीडीआर-फाइव्हचे नवे यंत्र घ्यावे,’ असा त्या शेऱ्याचा आशय होता. ज्या यंत्राविषयी हा निवाडा दिला गेला, त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आहे, चार जीबीची एकच रॅम आहे आणि तिच्या शेजारचा स्लॉट खरेदीच्या दिवसापासून रिकामा आहे. नव्या खरेदीआधी रिकामा स्लॉट भरावा, हा माझा आग्रह वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असल्यामुळे तो येथे पुन्हा विस्ताराने मांडीत नाही. मात्र या खेपेस त्या आग्रहाला अंकगणिताचा असा आधार मिळाला आहे की, तो वाचकांपुढे ठेवल्याखेरीज राहवत नाही.

डीडीआर-फाइव्ह या रॅमच्या नव्या पिढीचे जे गुण आहेत, ते प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. जेडेक या मानक ठरविणाऱ्या संस्थेने डीडीआर-फाइव्हचे मानक जुलै 2020 मध्ये प्रसिद्ध केले, आणि आठ वर्षांपूर्वीच्या डीडीआर-फोरच्या तुलनेत त्यात केवळ वेगाचा आकडा वाढविलेला नसून रचनाच बदललेली आहे. विजेचा दाब 1.2 व्होल्टवरून 1.1 व्होल्टवर आला. एका चिपमध्ये जास्तीत जास्त 16 गिगाबिट मावत, तेथे 64 गिगाबिटांची तरतूद झाली. आणि चिपमध्ये साठविलेला एखादा बिट बिघडल्यास तो तेथल्या तेथे दुरुस्त करण्याची सोय आली. ही दुरुस्ती चिपच्या आतल्यापुरतीच असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला पकडता येत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

सर्वांत मोठा बदल वाहतुकीच्या मार्गात आहे. कापूस खरेदीच्या दिवसांत जिनिंगच्या एकाच रुंद फाटकातून गाड्या आत घेतल्या, तर एकाचे काम चालू असताना मागच्याला तिष्ठत राहावे लागते. तेवढ्याच रुंदीत दोन स्वतंत्र फाटके केली, तर प्रत्येकातून आत जाणारी रांग लांबट झाली तरी दोघांची कामे एकाच वेळी मार्गी लागतात. डीडीआर-फोरच्या रॅमला 64 बिटांचा एकच मार्ग असून एका हुकमासरशी आठ खेपांत 64 बाइट मजकूर त्यातून येतो. डीडीआर-फाइव्हमध्ये 32 बिटांचे दोन स्वतंत्र मार्ग असून प्रत्येक मार्ग सोळा खेपांत तितकाच मजकूर आणतो. ज्या सर्व्हरवर राज्यभरातील सातबाराचे उतारे आणि दाखले एकाच क्षणी मागितले जातात, तेथे ही रचना खरोखर उपकारक आहे, आणि तेथे ती खरेदी करण्यास माझा कोणताही विरोध नाही.

परंतु हुकूम सुटल्यापासून पहिला बाइट हाती येईपर्यंतच्या प्रतीक्षेचे काय? एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र यांची जी कोशिका आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली आणि जिचे पेटंट त्यांना 1968 साली मिळाले, तीच मूलतः दोन्ही पिढ्यांत आहे. त्या धारित्रातील क्षीण विद्युत्भार ओळखून तो वाचण्यास जो अवधी लागतो, तो बाहेरची वाहतूक द्रुतगती केल्याने घटत नाही. 2400 वेगाच्या साधारण डीडीआर-फोरमध्ये ही प्रतीक्षा सुमारे 14 नॅनोसेकंद असते. 4800 च्या साधारण डीडीआर-फाइव्हमध्ये ती साडेसोळा नॅनोसेकंदांहून थोडी अधिकच भरते.

आता त्या दरपत्रकाकडे वळू. नव्या यंत्रात आठ जीबीची, 4800 वेगाची एकच रॅम देऊ केलेली आहे, आणि तिची वाहतूक दर सेकंदाला 38.4 अब्ज बाइट होते. सेवाकेंद्रातील जुन्या प्रोसेसरला 2400 वेगाची रॅम मानवते. तिची एकटीची वाहतूक 19.2 अब्ज बाइट आहे. मात्र त्या प्रोसेसरला रॅमच्या दोन वाहिन्या आहेत, आणि दोन्ही स्लॉट भरले म्हणजे दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू होऊन बेरीज होते तीही नेमकी 38.4 अब्ज! म्हणजे दोन जुन्या रॅम वाहतुकीत एका नवीच्या तंतोतंत बरोबरीच्या, प्रतीक्षेत तिच्याहून किंचित सरस, आणि प्रत्येकी आठ जीबीच्या घेतल्या तर साठवणुकीत तिच्या दुप्पट. ज्याला ‘भर घालण्यात अर्थ नाही’ असे सांगितले गेले, त्याच्या रिकाम्या स्लॉटातच दोनपैकी एक वाहिनी वर्षानुवर्षे निरुपयोगी पडून होती. प्रोसेसर नवा असल्यामुळे नवे यंत्र गणनेत पुढे राहील हे उघड आहे. परंतु अर्ज भरणे, कागद स्कॅन करणे आणि पावती छापणे एवढ्याच कामासाठी त्या गणनाशक्तीची गरज पडते, असे मला मुळीच वाटत नाही.

गरज पडते ती जागेची. चार जीबीत विंडोज, ब्राउझर, स्कॅनर आणि प्रिंटर यांचा एकत्र निर्वाह होत नाही. जागा अपुरी पडली की यंत्र रॅममधील मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन टाकते आणि गरजेच्या वेळी परत आणते. हार्ड डिस्कच्या प्रत्येक फेरीस काही मिलिसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात. दोन पिढ्यांतील अडीच नॅनोसेकंदांचा वाद येथे पार निरर्थक ठरतो. आमच्या भागात ज्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून शेतकऱ्यांना उद्या या असे सांगितले जाते, त्यातील पुष्कळसा दोष मुंबईच्या सर्व्हरचा नसून टेबलावरच्या उपाशी यंत्राचा आहे, अशी माझी खात्री उत्तरोत्तर दृढ होत आहे.

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, ही सबब नव्या यंत्राच्या खरेदीसाठी पुढे केली जाते. परंतु इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज 11 ला चालतात, तेव्हा या यंत्रापुरती ती सबब लागू पडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना लागणाऱ्या स्मृतीकडे आपले कारखाने वळविल्यामुळे 2025 च्या उत्तरार्धापासून रॅम सर्वत्रच महागली, आणि डीडीआर-फोरचे उत्पादन आवरते घेतले जात असल्यामुळे जुनी रॅमही स्वस्त उरली नाही. जुने यंत्र भंगारात जाताना त्यातील रॅम काढून ठेवा, असे मी मागे लिहिले होते. त्या वेळी ती सूचना पुष्कळांना क्षुल्लक वाटली, आज तिचे मोल बाजारानेच दाखवून दिले आहे.

म्हणून ढाणकीची नगरपंचायत, येथील शाळा आणि पतसंस्था यांना माझी कळकळीची विनंती आहे. संगणकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक यंत्र उघडून पाहावे. त्यातील डीडीआर-फोर रॅम काढून, वेग आणि क्षमता लिहून, जडवस्तू नोंदवहीत तिची स्वतंत्र नोंद करावी. आणि रिकामे स्लॉट असलेल्या चालू यंत्रांत ती बसवावी. डीडीआर-फोर आणि डीडीआर-फाइव्ह या दोहोंच्या डेस्कटॉप रॅमला 288 पिना असल्या तरी खाचेची जागा निराळी आहे. म्हणून एकीच्या स्लॉटात दुसरी दाबून बसविण्याचा प्रयत्न कोणी करू नये. आणि नवी खरेदी अपरिहार्यच असेल, तर दरपत्रक मागविताना रॅम किती जीबीची, किती नगांत आणि मागे किती स्लॉट रिकामे राहणार, हे तीन रकाने विक्रेत्याकडून लेखी भरून घेतल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही करू नये.

— ‘टिपणकार’, ढाणकी